पंपच गेलाय!

माणूस आजारी पडला, की भेटायला येणारे निदान दोन मोसंबी तरी आणतात. ट्रॅक्टर आजारी पडला, की येणारे नुसतं निदानच आणतात.

आमच्या सातारा-सांगली भागात तर अशा डॉक्टरांना तोटा नाही. इंजिनाशी आमची ओळख फार जुनी. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानातल्या माळावर १९१० साली किर्लोस्करवाडी वसवली आणि लोखंडी नांगर घडवले. तिकडे सातारा रोडला धनजीशा कूपर यांच्या कारखान्यात डिझेल इंजिनं तयार होत. हेच कूपर १९३७ साली काही महिने मुंबई इलाख्याचे पंतप्रधान होते. तेव्हापासून इकडे ज्याला इंजिनातलं कळतं, त्याला राजकारणातलंही कळतं असा समज आहे. उलटही खरं मानतात, तिथं घोटाळा होतो.

वास्तविक डिझेल इंजिनाइतका साधा प्राणी नाही. त्याला प्लग नाही की ठिणगी नाही. सिलिंडरमधली हवा दाबून दाबून इतकी तापते, की तिच्यात डिझेलचा फवारा उडाला की तो आपोआप पेटतो. १९०० सालच्या पॅरिसच्या प्रदर्शनात एक डिझेल इंजिन शेंगतेलावर चालवून दाखवलं होतं. हे मी चुलत्यांना, म्हणजे आण्णांना सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, ‘‘शेंगतेलाचा भाव बघितलास काय? त्यापरीस ट्रॅक्टर मीच ओढतो!’’

इंजिनाची अट एकच. तेल स्वच्छ हवं आणि त्यात हवेचा बुडबुडा नको. डिझेल टाकीतून निघतं, फीड पंपातून आणि फिल्टरांतून गाळून मोठ्या पंपात जातं आणि तिथून नोझलला. डिझेल सहसा दबत नाही, हवा दबते. त्यामुळं वाटेत बुडबुडा बसला, की पंपाचा सगळा जोर तोच खातो आणि नोझल उघडतच नाही. सरकारी अर्जाची वाट ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हा बुडबुडा वेगळा समजावून सांगायला नको.

आण्णांचा ट्रॅक्टर एच.एम.टी. २५११. पंचवीस हॉर्सपॉवर, दोन सिलिंडर. पिंजोरचा तो ट्रॅक्टर कारखाना २०१६ साली बंद करायचं ठरलं, पण वाळवा तालुक्यात ही बातमी ट्रॅक्टरला कुणी सांगितलेली नाही. तो चालूच आहे. गेल्या मृगात मात्र अडला, आणि तोही नेमका वाफशावर.

वाफसा म्हणजे काय, हे काळ्या रानाच्या मालकालाच विचारावं. आधी गेलात तर चिखल कुरीला गच्च बसतो, उशीर केलात तर ढेकळं होतात, आणि वर ढग बसलेले असतात ते वेगळेच. दोन-तीन दिवसांचा मामला. सोयाबीनचं बी आणून ठेवलेलं, कुरी जोडलेली, आणि ट्रॅक्टर वीस मिनिटं चालून धापा टाकत बंद!

ड्रायव्हर म्हणाला, ‘‘हवा धरलीया.’’ त्यानं टाकीत काठी घालून डिझेल बघितलं, फिल्टरवरचा स्क्रू सैल केला, बुडबुडे थांबेपर्यंत हातपंप मारला. चालू झाला! वीस मिनिटांनी बंद.

शेजारचे तात्या आले. त्यांनीही टाकीत डोकावून फिल्टर बदलायला लावले. चालू झाला! वीस मिनिटांनी बंद.

तिसऱ्यानं डिझेलचा वास घेतला, ‘‘पाणी हाय’’ म्हणाला आणि खालच्या वाटीतला गाळ काढला. वाटीत पाणी थेंबभर निघालं, पण त्याची मान हातभर वर गेली. ट्रॅक्टर चालू झाला, आणि वीस मिनिटांनी बंद.

चौथा जाणकार. त्यानंही झाकण काढून आत पाहिलं, झाकण लावलं, बिडी पेटवली आणि शांतपणे म्हणाला, ‘‘पंपच गेलाय.’’ बिडी संपल्यावर त्यानं चावी फिरवली, तर काही न करता ट्रॅक्टर चालू! ‘‘जाताना असाच जातो पंप,’’ तो म्हणाला.

पंप उतरवून सांगलीला न्यायचा म्हणजे दोन दिवस आणि काही हजार. वाफसा दोन दिवसांचा आणि घरातले हजार बियाण्यात गेलेले. आण्णा बांधावर बसले ते बोलेनातच. उभ्या आयुष्यात मी त्यांना असं बसलेलं पाहिलं नव्हतं.

बँकेत वीस वर्षं काढलेल्या माणसाला इंजिनातलं कळत नाही, ताळा कळतो. ताळा जमला नाही, की आम्ही पुन्हा पुन्हा येणारी नोंद शोधतो. खताच्या पावतीच्या पाठीवर मी लिहून काढलं, कोण आलं, काय केलं, किती वेळ चालला. इलाज चार वेगवेगळे, गुण मात्र चौघांनाही वीसच मिनिटं. आणि चौघांच्याही नावापुढं एक नोंद सारखी होती : टाकीचं झाकण उघडलं.

पुढच्या वेळी ट्रॅक्टर बंद पडला, तेव्हा म्हटलं, ‘‘आण्णा, पाने राहू द्या. नुसतं झाकण सैल करा.’’

‘फुस्स’ असा आवाज आला आणि ट्रॅक्टर चालू झाला.

झाकणाला हवेसाठी बारीक भोक असतं. त्यात कुंभारमाशीनं मातीचं घर बांधलं होतं. डिझेल खाली जाई, त्याच्या जागी हवा येईना, आणि शेवटी टाकी डिझेल सोडीना. जेवण घेऊन आलेल्या काकूंनी हे ऐकलं आणि म्हणाल्या, ‘‘गोड्या तेलाच्या डब्याला दोन भोकं पाडत्यात, एवढं बी ठावं न्हाई एवढ्या बाप्यांस्नी?’’

झाकण टाकीपासून लांब नेऊन, माती आत पडू न देता, तारेनं भोक मोकळं केलं. इलाजाचा खर्च शून्य. डिझेल ज्या वाटेनं जातं त्याच वाटेनं, टाकीपासून तपासत जावं. फुकटातलं आधी, महागातलं शेवटी. पण फुकटातल्या रोगाला गावात मान नाही.

पाऊस यायच्या आत पेरणी झाली, बी उगवलंही. चौघेही डॉक्टर अजून आपापल्या निदानावर ठाम आहेत. चौथा तर परवा म्हणाला, ‘‘पंपच गेलता. पण वाफसा बघून माघारी आला.’’