रात्रीची कॉपी

सीपीयू उचलून माळ्यावर चढवणं यंदा माझ्या गुडघ्यांनी साफ नाकारलं. महाडच्या बाजारपेठेत पावसाळ्यात कॉम्प्युटरवाल्याला हमालीही करावी लागते. महाबळेश्वरला कोसळणाऱ्या पावसाला बाणकोट खाडीच्या भरतीने गाठलं की सावित्रीला उतार मिळत नाही. २२ जुलै २०२१ ला तळमजलेच्या तळमजले बुडाले.

माझ्या हाताखाली शिकलेला पोरगा पुण्याहून परतलाय. "काका, दुकानांच्या हिशेबाचं टॅली क्लाउडवर टाका, उचलाउचलच नको." खरंय. पण क्लाउड म्हणजे भाड्याचं विंडोज मशीन, इथून रिमोट डेस्कटॉपने उघडायचं. पोलादपूरला लाइन रखडली की दाबलेला आकडा उमटेपर्यंत गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर वीज कित्येक दिवस नव्हती. आपला सर्व्हर आपल्या जनरेटरवर चालतो. मोबाइलचा टॉवर कोण चालवणार?

माझं घोडं अडतं ते कॉपीपाशी. टॅलीत दुकानाची कंपनी उघडी असताना डेटाचं फोल्डर उचललं तर थोडा डेटा जुना, थोडा नवा. शेठ शटर ओढतात, कंपनी बंद करत नाहीत. पेनड्राइव्ह गल्ल्यात ठेवतात, म्हणजे बुडायचं तर दोघांनी मिळून. पुरानंतर विम्याचा सर्व्हेअर आदल्या दिवसाचा स्टॉक मागतो, तेव्हा भिजलेल्या गोण्या दाखवून भागत नाही. म्हणून आलेली प्रत मी घरच्या मशीनवर उघडून बघतो: शेवटचा व्हाउचर नंबर, शिल्लक माल. पोरगा याला खूळ म्हणतो.

पनवेलकडून क्लाउडचं पॅकेज विकायला येणारे एक गोष्ट बोलत नाहीत. जीएसटीचे हिशेब वार्षिक विवरणाच्या मुदतीपासून ७२ महिने जपायचे, आणि यांचं भाडं वर्षाचं. भाडं थकलं तर डेटा किती दिवस ठेवणार, असं विचारलं की ब्रोशर पुढे करतात.

आता खरं सांगतो. सर्व्हरवर माझ्या नावाचं स्टिकर असतं. पाणी चढायला लागलं की शेठ आधी मला फोन करतात, घरी नंतर. ते मला आवडतं. क्लाउड आलं की तो फोन जाणार, हेही माझ्या विरोधात मुरलेलं आहे.

महाड आणि पोलादपूर अशी दोन दुकानं असलेल्या एका शेठना मात्र मीच क्लाउड घ्यायला लावलं. दोन्हीकडे एकच स्टॉक दिसायला हवा. बाकीच्यांचा सर्व्हर पहिल्या मजल्यावर, प्रत रात्री कंपनी बंद करून बाहेर. पोरगा म्हणतो, तपासणीही आपोआप होईल असं लिहून देतो. लिही म्हटलं. आकडे मीच बघणार.