पाचवा फाउल

बास्केटबॉलचा सामना पाहताना सर्वांचे डोळे चेंडूमागे धावत असतात. माझे मात्र पुष्कळदा एकाच खेळाडूवर खिळून राहतात. ज्याचे चार फाउल झाले आहेत, त्याच्यावर! आणखी एक फाउल झाला की त्याला मैदान सोडावे लागणार. त्या सामन्यात पुन्हा परतणे नाही.

या शिस्तीचे मूळ खेळाच्या जन्मातच आहे. 1891 साली अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने पीच फळांच्या टोपल्या टांगून हा खेळ सुरू केला. बंदिस्त जागेत दांडगाई होऊ नये, म्हणून धक्का देणे, धरून ठेवणे, पायात पाय घालणे त्याने निषिद्ध ठरवले. दुसऱ्यांदा असा अपराध करणाऱ्याला पुढचा गोल होईपर्यंत बाहेर बसावे लागे. आज आंतरराष्ट्रीय सामन्यांत ही मर्यादा पाच फाउलांची आहे; अमेरिकेच्या ‘एनबीए’ स्पर्धेत सहांची.

मर्यादेच्या काठावरील खेळाडूची स्थिती मोठी अवघड असते. प्रतिपक्ष चेंडू मुद्दाम त्याच्याच रोखाने आणतो. हात पुढे करावा, तर बाहेर जाण्याची भीती. मागे घ्यावा, तर बास्केट मोकळी! विल्ट चेंबरलेन हा उंचापुरा खेळाडू 1959 ते 1973 या काळात ‘एनबीए’चे 1045 साखळी सामने खेळला, पण फाउलांमुळे एकदाही बाहेर गेला नाही. काही टीकाकार म्हणत, शेवटच्या फाउलाच्या भयाने तो हात आखडता घेतो. पण असा खेळाडू बाकावर बसला, तर संघाचे काय होणार? मला दोन्ही बाजूंत तथ्य वाटते. नुसते मैदानावर टिकून राहणे म्हणजे खेळणे नव्हे आणि रागाच्या भरात अंगावर धावून जाणे म्हणजे शौर्य नव्हे.

खरा खेळाडू अशा वेळी हात आवरतो, पाय नव्हे. प्रतिस्पर्धी येण्यापूर्वीच तो त्याच्या वाटेत नीट उभा राहतो. मग येणारा त्याच्या छातीवर आदळला, तर अपराध आदळणाऱ्याचा ठरतो. एरवी जे काम हाताच्या एका फटक्यावर सोपवले असते, ते आता नजरेने आणि चपळाईने करावे लागते.

एवढे करूनही कधी पंचांची शिटी वाजतेच. तेव्हा कपाळाला आठी न घालता बाकावर जाऊन बसणारा आणि आपल्या जागी आलेल्या गड्यासाठी टाळ्या वाजवणारा खेळाडू पाहिला, की मला वाटते, याचा खेळ अजून संपलेला नाही.