शेवटचा 'नाही'

माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. 'अडुसष्ट' ऐकलं की अजूनही मनात हिशोब करावा लागतो. अशा मुलीकडे ग्रुपने मराठी कॅप्शनचं काम दिलं, यावर होस्टेलमध्ये भरपूर हसून झालेलं आहे!

आमचा मिनी प्रोजेक्ट साधा आहे. लॅबमधल्या प्रॅक्टिकल्सचे व्हिडिओ आणि त्याखाली मराठी कॅप्शन. निमित्त आमच्या बॅचमधला एक मित्र. त्याला कमी ऐकू येतं. मशीन सुरू झालं की श्रवणयंत्रात घरघरच जास्त, आणि सर फळ्याकडे वळले की ओठही दिसत नाहीत.

मग प्रश्न आला, कॅप्शन लिहिणार कोण? माणूस की सॉफ्टवेअर?

सॉफ्टवेअरची बाजू भक्कम होती. ओपनएआयचं व्हिस्पर २०२२ मध्ये आलं. ते ६,८०,००० तासांच्या आवाजावर शिकवलेलं आहे, त्याला मराठी येतं, फुकट आहे आणि आपल्याच पीसीवर चालतं. उलट मी दहा मिनिटांचा व्हिडिओ हाताने लिहिला, तर सव्वा तास गेला. सबमिशनच्या आठवड्यात सव्वा तास म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको.

ग्रुपचं म्हणणं पडलं, वाद कशाला, मोजूया. मोजायची पद्धत ठरलेली आहे. चुकलेले, गळलेले आणि जास्तीचे शब्द मोजायचे आणि मूळ शब्दसंख्येने भागायचे. आता हे वाक्य घ्या: "लक्षात ठेवा, मशीनची ही केबल सप्लाय चालू असताना काढायची नाही." शब्द दहा. सॉफ्टवेअरने 'मशीनची'चं 'मशिनची' केलं, तर चूक दहा टक्के. शेवटचा 'नाही' गाळला, तरी चूक दहा टक्केच! मार्क सारखे, पण दुसऱ्या वाक्यावर विश्वास ठेवणाऱ्याला शॉक बसेल.

त्यात आपल्या मराठीत नकार बहुतेक वेळा वाक्याच्या शेवटी येतो, आणि नेमका तिथेच बोलणाऱ्याचा आवाज खाली जातो. शिवाय नुसती घरघर चालू असताना व्हिस्पर कधीकधी कुणी न बोललेली वाक्यंही लिहून मोकळं होतं.

शेवटी मित्रालाच विचारलं. तो म्हणाला, "अक्षर चुकलं तर मी समजून घेतो गं. पण वाक्यच उलटं झालं तर मला कळणार कसं? मला ऐकूच येत नाहीये ना!"

इथे आमचा वाद संपला. ज्याला आवाज ऐकू येतो, त्याला कॅप्शनची चूक पकडता येते. ज्याच्यासाठी कॅप्शन आहे, त्याला ती पकडता येत नाही. म्हणून तपासणी आपल्याकडेच हवी.

आता पहिला मसुदा सॉफ्टवेअर करतं. मग एकजण पूर्ण व्हिडिओ ऐकून दुरुस्त करतो. सप्लाय, फ्यूज, अॅसिड असा शब्द आला की ते वाक्य दुसरा माणूस पुन्हा ऐकतो, आणि तो ते प्रॅक्टिकल केलेलाच असावा लागतो. दहा मिनिटांच्या व्हिडिओला आता चाळीस मिनिटं लागतात. सव्वा तासापेक्षा बरं आणि फुकटापेक्षा महाग. पण ही चाळीस मिनिटं वाचवायची नाहीत, असं आम्ही ठरवलंय.

व्हिडिओ अजून बरेच बाकी आहेत. रविवारी मेसनंतर रीडिंग रूममध्ये या. शुद्धलेखन माझ्यापेक्षा बरं असेल तर उत्तमच, नसेल तरी चालेल. कान मात्र शेवटच्या शब्दापर्यंत हवेत. हेडफोन आपापले आणा.