मी पाहिलेली मुंबई

गेल्या महिन्यात एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. जुना म्हणजे किती जुना, तर आता स्वतः आजोबा झालेला! इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्यावर म्हणाला, "सर, तुम्ही आम्हाला दरवर्षी 'मी पाहिलेली मुंबई' हा निबंध घालायचात. स्वतः कधी लिहिलात का हो?"

मी हसून वेळ मारून नेली. पण खरं सांगतो मंडळी, रात्री झोप लागेना. चौतीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं, त्या विषयावरचे हजारभर निबंध तरी तपासले असतील. सगळ्यांत गेटवे ऑफ इंडिया, राणीची बाग आणि म्हातारीचा बूट ठरलेले. शेवटही ठरलेला, 'अशा रीतीने आमची सहल आनंदात पार पडली.' मी त्याखाली लाल शाईने रेघ मारून लिहायचो, 'शेवट स्वतःचा लिहा.' आज स्वतः लिहायला बसलोय, तर पेन अडखळतंय.

असो. सुरुवातीपासून सांगतो.

१९६० सालचा मे महिना. मी नऊ वर्षांचा. १ मेला महाराष्ट्र राज्य झालं आणि मुंबई आपली राजधानी झाली, हे आमच्या मास्तरांनी सुट्टी लागायच्या आधीच सांगून ठेवलं होतं. मला राजधानी बघायची होती. राजधानी म्हणजे माझ्या डोक्यात रायगडासारखं काहीतरी... आमच्या अर्नाळ्याच्या समोर समुद्रात किल्ला आहेच, त्याहून मोठा तट, मोठा दरवाजा, वर निशाण! आईला म्हटलं, "मला राजधानीला ने." आई म्हणाली, "चल. पण बोचकं उचलावं लागेल."

वडील मासेमारीच्या होडीवर आणि आई मासळी विकणारी. मे महिन्यात आगोटीची खरेदी असते, म्हणजे पावसाळ्याच्या चार महिन्यांची बेगमी. त्या दिवसांत सुक्या मासळीला मुंबईत मोठी मागणी. किनाऱ्यावरच्या वलांड्यांवर वाळवलेले बोंबील, सुकट, जवळा टोपल्यांत भरून आई आठवड्यातून दोन-तीनदा मुंबईला जायची. (आईची कोळी बोली मला जशीच्या तशी लिहिता येणार नाही. शाळेने ती माझ्या तोंडून घालवली. ताई, तू हसशील, पण सांभाळून घे.)

विरार स्टेशन आमच्यापासून नऊ-दहा किलोमीटर. पाच-सहा बायका मिळून टांगा ठरवायच्या. अंधारातच निघालो. मग लोकलचा लगेजचा डबा. आमच्या मार्गावर विजेची गाडी १९३६ सालीच विरारपर्यंत आली होती आणि त्याच्याही आधी, १८६७ पासून, विरारहून मुंबईला गाडी होती. हे मी मुलांना पाठ करायला लावायचो. पण त्या गाडीत बसणाऱ्या बायका टोपलीला पाठ टेकून कशा झोपतात, एकमेकींच्या मुलांची लग्नं कशी ठरवतात, हे कुठल्या पुस्तकात नव्हतं. घरी आई फारशी बोलायची नाही. आजीसमोर तर नाहीच. त्या डब्यात मात्र ती सगळ्यांत मोठ्याने हसत होती! मी बघतच राहिलो. नायगावनंतर खाडीचा पूल आला तशा सगळ्या बायका उठल्या, खाडीला हात जोडले, कुणी पैसा टाकला. मीही जोडले.

दादरला उतरून चालत परळ-लालबागकडे. तिथल्या गिरणी कामगारांच्या चाळींत आईची ठरलेली घरं होती. बहुतेक कोकणातली माणसं, सुक्या बोंबलावर जीव टाकणारी. आई चाळीत शिरली की गॅलरीतून हाका यायच्या, "अर्नाळावाली आली!" आईला स्वतःच्या गावाचं नाव मिळालं होतं, तेही राजधानीत! मला केवढा अभिमान वाटला सांगू... दुपारी गिरण्यांचे भोंगे झाले. चिमण्यांचा धूर, रस्ताभर माणसं. मी आईला विचारलं, "राजधानी कुठाय?" ती म्हणाली, "हीच की."

माल संपल्यावर आईने मला ट्राममध्ये बसवलं. दुमजली ट्राम! रिकामी टोपली खाली जिन्याशी ठेवली आणि आम्ही वर. ट्राम ३१ मार्च १९६४ ला कायमची बंद झाली, त्यामुळे माझ्या पिढीतल्या गावाकडच्या फार थोड्यांना ती मिळाली. मी त्या थोड्यांतला. राणीच्या बागेत हत्ती पाहिला, आणि संग्रहालयाच्या बाजूला दगडी हत्तीही. मास्तरांनी सांगितलेलं आठवून मी ऐटीत म्हटलं, "हा घारापुरीचा. याच्यावरूनच इंग्रजीत त्या बेटाचं नाव एलिफंटा पडलं." आई दगडाला हात लावून म्हणाली, "म्हणजे आपल्यासारखाच. समुद्रावरून आलेला."

परतताना दादरच्या एका इराण्याकडे चहा आणि ब्रून मस्का. आईने खुर्चीवर बसून चहा प्यायलेला मी पहिल्यांदाच पाहिला. घरी ती चुलीपुढे उकिडवी बसून प्यायची. संगमरवरी टेबलावर हात ठेवून, पंख्याखाली, सावकाश... त्या दिवसापासून मला मुंबई आवडली. अगदी कायमची.

पुढे १९६९ साली मी दादरच्या एका कॉलेजात बी.ए.ला नाव घातलं. फीचे पैसे आईच्या टोपलीतून. रोज विरारहून लोकल. ती वर्षं म्हणजे चंगळ होती. मराठीचे तास, वाचनालयं, पुस्तकांच्या दुकानात उभ्या उभ्या वाचलेली अर्धी अर्धी पुस्तकं, शिवाजी मंदिरात मागच्या रांगेचं तिकीट. मुंबई मला वाङ्मयाने दिली, असं मी पुढे शाळेत मुलांना सांगायचो. टाळ्याही मिळायच्या.

कॉलेजातल्या मित्रांना मी सांगितलं होतं, "वडिलांचं बोटीवर काम आहे." त्यांना वाटलं मोठं जहाज. मी त्यांचा गैरसमज दूर केला नाही.

१९७१ साल. शिरवाडकरांचं 'नटसम्राट' डिसेंबर १९७० मध्ये रंगभूमीवर आलं होतं आणि डॉ. श्रीराम लागूंचं काम बघायला आम्ही मित्र पैसे जमवून गेलो. मी ढसाढसा रडलो. आईबापांना विसरणाऱ्या मुलांवर कँटीनमध्ये दोन दिवस तावातावाने बोललो. त्याच आठवड्यात एका दुपारी आम्ही चौघे दादरच्या पुलावरून जात होतो. समोरून आई आली. डोक्यावर रिकामी टोपली, उन्हाने चेहरा काळवंडलेला, लुगड्याला मासळीचा वास असणारच. तिने मला पाहिलं. तिच्या तोंडावर हसू यायला लागलं होतं, ते मला अजून दिसतं.

मी वळलो. भिंतीवर सिनेमाचं मोठं पोस्टर होतं, ते बघत उभा राहिलो. आई माझ्या पाठीमागून निघून गेली. हाक मारली नाही. एक मित्र नाक मुरडून काहीतरी बोलला आणि मी त्यावर हसलो.

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही.

संध्याकाळी घरी आलो तर ताट वाढलेलं. आईने नेहमीसारखंच विचारलं, "आज काय शिकवलं?" बस्स. त्यानंतरची दोन वर्षं मी कॉलेजात होतो, पण दादरच्या पुलावर ती मला पुन्हा कधी दिसली नाही. योगायोग असेल, असं मी स्वतःला सांगत राहिलो. नंतर तिच्याबरोबर जाणाऱ्या एका मावशीकडून कळलं की आई दुपारी परळपर्यंत चालत जाऊन तिकडूनच गाडी पकडायला लागली होती. मावशी म्हणाली, "दादरला गर्दी फार, असं म्हणायची." आई! जी सगळं आयुष्य गर्दीच्या डब्यात बसली...

मी बी.ए. झालो, बी.एड. झालो, १९७५ साली शिक्षक झालो. जानेवारी १९८२ मध्ये गिरण्यांचा संप सुरू झाला. शाळेत आम्ही त्यावर वर्तमानपत्रातली कात्रणं लावली. आईला ती बातमी वेगळ्या प्रकारे कळली. चाळीतली एकेक खोली बंद दिसायला लागली. माणसं कोकणात गावी निघून गेली होती. कित्येकांकडे उधारी राहिली होती. मी म्हटलं, "हिशेब तरी लिहून ठेवायचास." ती म्हणाली, "लिहून काय करू? त्यांच्याकडे असते तर दिले असते." एक-दोन वर्षांत तिने मुंबईला जाणंच सोडलं. 'अर्नाळावाली' म्हणून हाक मारणारं कुणी राहिलं नव्हतं.

आणि मग १९८८ साली, एक दिवस अचानक म्हणाली, "मला एकदा मुंबईला ने. काही विकायचं नसताना."

तीसेक वर्षं जाऊन येऊन केलेली बाई! मी दिवाळीच्या सुट्टीत नेलं. ती नवं लुगडं नेसली होती, हातात फक्त छोटी पिशवी. लेडीज डब्यात बसवतो म्हटलं तर नको म्हणाली. "तुझ्याबरोबर बसते." नायगावनंतर खाडी आली तशी दोघांनीही हात जोडले.

दादरला उतरलो. पुलाच्या मध्यावर ती थांबली. दम लागला असेल असं मला वाटलं. भिंतीकडे बघत म्हणाली, "इथं सिनेमाचं चित्र होतं ना रे? आता नाय लावत वाटतं."

मंडळी, सतरा वर्षं झाली होती. माझ्या तोंडून शब्द फुटेना. माफी मागायची ती वेळ होती, हे मला तेव्हाही कळत होतं. आजूबाजूने माणसं धक्के देत जात होती. मी एवढंच म्हणालो, "पिशवी दे, मी धरतो." तिने दिली.

ट्राम नव्हती, म्हणून डबलडेकर बसमध्ये वरच्या मजल्यावर अगदी पुढच्या सीटवर बसलो. ती लहान मुलीसारखी काचेला नाक लावून बसली होती. लालबागच्या रस्त्यावर मला एकेक चाळ दाखवत होती. या चाळीत तिसऱ्या माळ्यावर अमकी, तिला बोंबील कडक लागायचे. त्या चाळीत तमकी, बाळंतपणात मी जवळा फुकट दिला होता. तिची मुंबई मला ठाऊकच नव्हती. माझ्या वाचनालयांपेक्षा मोठी होती ती. राणीच्या बागेत तो दगडी हत्ती होता. तिने पुन्हा हात लावला. इराण्याकडे चहा प्यायलो, ब्रून मस्का चहात बुडवून खाल्ला. पैसे मी काढले तर तिने माझा हात बाजूला सारला आणि कमरेची पिशवी सोडली. "तू माझ्याबरोबर आलायस," म्हणाली.

१९९४ साली आई गेली. ती गोष्ट आमच्यात पुन्हा कधी निघाली नाही.

आता मुंबईला माझं जाणं कमी झालंय. गुडघे पुलांना घाबरतात. नात मुंबईत शिकते. गेल्या वर्षी तिने मला हट्टाने नेलं. जुन्या डबलडेकर सप्टेंबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेल्या. विजेवर चालणाऱ्या नव्या वातानुकूलित दुमजली बस आल्यात, त्यातून तिने मला फिरवलं. वर, पुढच्या सीटवर. लालबागला गिरण्यांच्या जागी उंच टॉवर. मी बोट दाखवून म्हटलं, "इथे तुझी पणजी तिसऱ्या माळ्यावर बोंबील द्यायची." ती म्हणाली, "आजोबा, मला कधी सांगितलंच नाही तुम्ही!" तिने लगेच मोबाईलवर लिहून घेतलं, चाळींची मला आठवली तेवढी नावं, तिथल्या बायका काय काय घ्यायच्या ते सगळं. पोस्टरचं मात्र मी तिला त्या दिवशीही सांगितलं नाही. आज ती इथे वाचेल.

उतरताना गर्दी होती, धूळ होती, कुणीतरी पायावर पाय दिला. तरी मला तेच वाटत होतं जे नवव्या वर्षी ट्रामच्या वरच्या मजल्यावर वाटलं होतं. या शहरात माझी आई मोठ्याने हसायची. मला मुंबई आवडते ती एवढ्यासाठी. वाङ्मय वगैरे नंतरचं.

तर झाला निबंध. विद्यार्थ्याला म्हणावं, सरांनी पन्नास वर्षं उशिरा वही दिली आहे. आणि शेवट स्वतःचा लिहा म्हणून मुलांच्या मागे लागायचो खरा, पण आज मला दुसरा शेवट सुचत नाही. १९८८ च्या त्या दिवशी विरारला उतरून आम्ही शेवटची एसटी पकडली, आई माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपली, आणि अशा रीतीने आमची सहल आनंदात पार पडली.