बुका पुआसा

जकार्त्यातल्या एका हॉटेलच्या हॉलमध्ये शे-दीडशे माणसं भरल्या ताटांसमोर बसली होती आणि कुणीच खात नव्हतं. मार्च २०२५, संध्याकाळचे सहा. कंपनीच्या कामासाठी मी तीन आठवडे तिकडे होतो आणि ऑफिसातल्या लोकांनी मला 'बुकबेर'ला आणलं होतं. बुकबेर म्हणजे बुका बर्सामा, सगळ्यांनी मिळून रोजा सोडणं. रमजानमध्ये तिकडे शाळेच्या जुन्या वर्गाचं एक बुकबेर असतं, ऑफिसचं एक, नातेवाइकांचं एक. हॉटेलं त्यासाठी खास बुफे लावतात.

आमच्या टेबलावरच्या आठपैकी चौघांचा रोजा होता. दोघं ख्रिश्चन होते, एक बालीची हिंदू मुलगी होती आणि मी जालन्याचा. मी सवयीनं समोरचं भजं उचलायला हात पुढे केला. बालीच्या मुलीनं काही न बोलता घड्याळाकडे बोट दाखवलं. तिनं स्वतः दुपारी व्यवस्थित जेवण केलेलं मी पाहिलं होतं. तरी ती थांबली होती. मी हात मागे घेतला.

थोड्या वेळानं स्पीकरवर ढोलाचे जाड ठोके आले, मशिदीतल्या मोठ्या नगाऱ्याचे. त्याला तिकडे बेदुग म्हणतात. मग अजान. मग एकदम शे-दीडशे चमचे वाजले.

पहिलं गोड. कोलाक नावाचा प्रकार होता: नारळाचं दूध, गूळ आणि त्यात शिजलेली केळी-रताळी. आपल्याकडच्या कुठल्याही आजीला तो आवडला असता. मग ती भजी. तिकडे त्यांना गोरेंगान म्हणतात आणि सोबत अख्खी कच्ची मिरची चावून खातात. म्हणजे आपलं मामलेदार कचेरीबाहेरच्या गाड्यावरचंच! उकडलेल्या भाज्यांवर शेंगदाण्याची दाट चटणी ओतलेलं गाडोगाडो खाल्लं. मांसाच्या दोन भांड्यांपुढून नुसतं पुढे सरकलो, तेव्हा आग्रह कुणीच केला नाही. तेंपे मात्र दोनदा घेतलं. सोयाबीन उकडून, आंबवून त्याची वडी करतात आणि तळतात. बदनापूरच्या आमच्या शेतात बाबा इतकी वर्षं सोयाबीन पेरतायत, पण आमच्या घरात ते कधी शिजलेलं नाही. पोत्यात भरायचं, मोंढ्यावर न्यायचं आणि भाव ऐकून गप्प बसायचं. त्या हंगामात हमीभाव होता क्विंटलला ४,८९२ रुपये आणि बाबांना मिळाला होता त्याहून बराच कमी. त्याच दाण्याची वडी मी काट्यानं खात होतो.

"बुका म्हणजे काय?" मी विचारलं.

"उघडणं," बालीची मुलगी म्हणाली.

"आणि पुआसा?"

"तो तर तुमच्याकडचाच शब्द. उपवास."

मी खाता खाता थांबलो. इस्लाम त्या बेटांवर रुजला त्याच्या कितीतरी शतकं आधी तिथे संस्कृत पोचलं होतं. पुढे धर्म बदलला, शब्द राहिला. तिथले वीस कोटींहून जास्त मुसलमान रोज संध्याकाळी 'उपवास उघडतात'. आमच्या जालन्यातही 'रोजा खोलना' असंच म्हणतात. खोलणं म्हणजे उघडणंच की.

शेवटी वाडग्यात काहीतरी पांढरं-गुलाबी आलं. नारळाच्या दुधात मोत्यासारखे दाणे. बुबुर मुतियारा, मोत्यांची खीर. एक चमचा तोंडात घातला आणि ओळख पटली. साबुदाणा! 'साबू' मुळात तिकडचाच. सागू हा मलय शब्द, सागूच्या झाडाच्या खोडातून काढलेल्या पिठाचा. आपण खातो तो साबुदाणा कसाव्याच्या कंदापासून बनतो आणि बराचसा तामिळनाडूतल्या सेलमहून येतो. तो कसावा मूळचा दक्षिण अमेरिकेचा. खिचडीतला शेंगदाणा, बटाटा, मिरचीही अमेरिका खंडातूनच आलेली. आईच्या एकादशीच्या ताटात देशी असं तूप तेवढं उरतं.

ती खीर खाताना मला ९ जुलै २०१४ आठवला.

मी दहावीत होतो. त्या दिवशी आषाढी एकादशी होती आणि रमजानही चालू होता. पाऊस लांबलेला. माझा बाकावरचा दोस्त संध्याकाळी वही मागायला आला. एरवी आषाढीला तो आमच्याकडे खिचडी खायचाच, ठरलेलंच होतं ते. आईनं सवयीनं ताटली पुढे केली. तो हसून म्हणाला, "काकू, आज मेरा भी उपवास है." आईला वाईट वाटलं. तिनं खिचडी स्टीलच्या डब्यात भरली आणि म्हणाली, "घेऊन जा बाबा, सुटल्यावर खा."

दारातून निघताना तो मला म्हणाला, "चल ना तू भी. अम्मीने बुलाया है."

आमच्या घरापासून त्याचं घर दीड किलोमीटर. कुंडलिकेवरचा पूल ओलांडला की आलंच. मी आईकडे पाहिलं. आई काही बोलली नाही. मी म्हणालो, "उद्या टेस्ट आहे रे." टेस्ट नव्हती. आम्ही एकाच वर्गात होतो, त्यामुळे ते त्यालाही माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी डबा घासून परत आला. रिकामा नाही, त्यात खजूर होते. आईनं ते कामाच्या मावशींना देऊन टाकले. माझ्या दोस्तासाठी आमच्याकडे खिडकीतल्या फळीवर एक कपही वेगळा असायचा. आई प्रेमळ आहे, हे मी मनापासून लिहितोय. तिनं त्या पोराला उपाशी कधी जाऊ दिलं नाही. पण कप वेगळा होता. मला ते ठाऊक होतं आणि मी त्याबद्दल कधी बोललो नाही. त्यानंतर दरवर्षी त्यानं बोलावलं. माझं काही ना काही निघायचं: परीक्षा, पुण्याची बस, ताप. मग त्यानं बोलावणं बंद केलं. भांडण झालं नाही. ईदला मेसेज, दिवाळीला मेसेज, एवढं उरलं.

आणि आयुष्यातली पहिली इफ्तार मी कुठे केली, तर समुद्रापार, अनोळखी लोकांच्या टेबलावर, कंपनीच्या पैशांनी. तिथे आई नव्हती, गल्ली नव्हती. तिथे मला काहीच द्यावं लागलं नाही. हॉटेलच्या खोलीवर येऊन मी दोस्ताला फोटो पाठवला, साबुदाण्याच्या खिरीचा. खाली लिहिलं, "इथे रोज्याला उपवास म्हणतात." बऱ्याच वेळानं उत्तर आलं: "हम तो २०१४ से बोल रहे."

परत आलो तेव्हा रमजानचे थोडेच दिवस उरले होते. जालन्याला पोचलो ते थेट पाडव्याला, ३० मार्चला. योगायोगानं तोच शेवटचा रोजा ठरणार होता. मी त्याला फोन केला. "आज येऊ का?" तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "जकार्ता होके आना पडा क्या बे? आ जा."

संध्याकाळी गुढी उतरवली आणि आईला सांगितलं, कुठे चाललोय ते. आई श्रीखंडाचं पातेलं आवरत होती. काही न बोलता तिनं फळीवरून डबा काढला, त्यात श्रीखंड भरलं, झाकण दाबून बसवलं आणि माझ्या हातात दिलं. "पुरी नको, गार होते," एवढंच म्हणाली.

त्याच्या घरी खाली दस्तरखान अंथरलेलं होतं. टरबूज, चणे, कांद्याची भजी, लाल सरबत. भजी समोर होती, पण मी हात पुढे केला नाही. त्याच्या अम्मीनं ते पाहिलं आणि हसल्या. अजान झाली. दोस्तानं पहिला खजूर माझ्या हातावर ठेवला, मग स्वतः घेतला. थोड्या वेळानं गच्चीवरून पोरांचा आरडाओरडा आला, चांद दिसला होता. चैत्राच्या प्रतिपदेचीच बारीक कोर. आम्ही दोघंही वर जाऊन पाहून आलो. २०१४ बद्दल तो काही बोलला नाही. मी माफी मागायचं ठरवून गेलो होतो, पण मागितली नाही. नुसती भांडी उचलू लागलो.

निघताना अम्मीनं डबा परत दिला. घासलेला आणि जड.

घरी येऊन मी तो ओट्यावर ठेवला आणि झाकण उघडून आईला खजूर दाखवले. ती "हं" म्हणाली आणि टीव्हीकडे वळली. सकाळी उठलो तर डबा धुऊन पालथा घातलेला होता आणि शेजारी बशीत दोन बिया होत्या.