फाउलांचा हिशेब

ड्यूक आणि कॅरोलायना या कॉलेज संघांचा बास्केटबॉल सामना झाला की दुसऱ्या दिवशी आमच्या ऑफिसात कॉफीच्या मशीनपाशी एकच वाक्य ऐकू येतं: "आमच्यावर २१ फाउल, त्यांच्यावर १२!" पुढे काही बोलायची गरजच नाही, असा सूर. रेफरींनी पक्षपात केला हे त्या दोन आकड्यांनी सिद्ध झालेलं असतं. मला हा हिशेब फार खुपतो, आणि का खुपतो ते एकदा नीट लिहून काढायचं आहे.

फाउल दोन्ही संघांना सारखे वाटून द्यायचे नसतात. जो संघ कोर्टभर अंगावर जाऊन दडपण आणतो, त्याचे हात जास्त वेळा लागणारच. जो लांबूनच तीन गुणांचे नेम धरतो, त्याला कोण कशाला धक्का देईल? शिवाय शेवटच्या दोन मिनिटांत मागे पडलेला संघ घड्याळ थांबवायला मुद्दाम फाउल करतो. तेही त्याच बेरजेत जातात आणि दुसऱ्या दिवशी अन्यायाचा पुरावा म्हणून समोर येतात.

खरी काळजीची गोष्ट वेगळीच आहे. काइल अँडरसन आणि डेव्हिड पियर्स यांनी २००४-०५ च्या मोसमातले ३६५ कॉलेज सामने तपासले आणि २००९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. ज्या संघावर तोवर कमी फाउल लागलेत, त्याच्यावरच पुढची शिट्टी वाजण्याची शक्यता जास्त, आणि तफावत वाढेल तशी ही शक्यताही वाढते. म्हणजे प्रेक्षक जी बरोबरी घसा फोडून मागतात, ती रेफरी नकळत देतच असतात. त्यात फायदा धसमुसळ्या संघाचा. त्याने सुरुवातीलाच भरपूर धक्काबुक्की करून घ्यावी, थोड्या वेळाने शिट्टी समोरच्यावर वाजू लागेल. स्वच्छ खेळणाऱ्या पोरांना ही शिक्षा आहे.

मुळात फाउल ठरवणंच किती अवघड असतं, हे ऑफिसातल्या लोकांना मला पायचीतवरून समजावता येत नाही, तुम्हाला मात्र सांगता येईल. बास्केटकडे झेपावणारा खेळाडू आणि वाटेत उभा असलेला बचावपटू यांची टक्कर झाली, तर चूक कुणाची? बचावपटू आधी येऊन उभा असेल तर 'चार्ज', उशिरा पोचला असेल तर 'ब्लॉक'. पायचीतला पंच टप्पा कुठे पडला, चेंडू यष्टीवर जात होता का, हे एका क्षणात ठरवतो. इथला रेफरी पाय कधी स्थिरावले, छाती समोर होती का, बास्केटखालच्या चार फुटांच्या कमानीत तो उभा होता का, हे तितक्याच वेळात ठरवतो. २०२३-२४ पासून पुरुषांच्या सामन्यांत हा नियम बदलला. पूर्वी समोरचा हवेत उडायच्या आत बचावपटूने जागा धरली तरी चालायचं. आता त्याने उडीसाठी पाय रोवायच्या आत धरावी लागते. उडी घेणाऱ्या मुलाच्या पायाखाली ऐनवेळी सरकणं धोक्याचं असतं, म्हणून मला हा बदल योग्य वाटतो. पण पाय कधी रोवला, हे पुन्हा डोळ्यांनीच ठरवायचं.

क्रिकेटने यातून टप्प्याटप्प्याने वाट काढली. १९८६ मध्ये लाहोरच्या पाकिस्तान-वेस्ट इंडीज कसोटीत आपले व्ही. के. रामस्वामी आणि मुंबईचे पिलू रिपोर्टर पंच म्हणून उभे राहिले, तेव्हा 'घरचा पंच' या संशयाला पहिल्यांदा चोख उत्तर मिळालं. पुढे चेंडूचा मार्ग दाखवणारं तंत्र आलं. चेंडूचा निम्म्याहून कमी भाग यष्टीला लागत असेल तर पंचाचा मूळ निर्णय कायम, हेही नियमातच आलं. 'अंपायर्स कॉल'वर आपण कितीही चिडलो तरी शंकेला जागा नेमकी कुठे आहे, हे पडद्यावर सगळ्यांना दिसतं. मला हेच सर्वांत मोलाचं वाटतं. कॉलेज बास्केटबॉलमध्ये २०२५-२६ पासून पुरुषांच्या सामन्यांतही कोचला आव्हान देता येतं, पण चेंडू कुणाला लागून बाहेर गेला, बास्केटमध्ये उतरणाऱ्या चेंडूला अवैध स्पर्श झाला का, बचावपटू त्या कमानीत होता का, एवढ्यापुरतंच. फाउल झाला की नाही, हा ज्यावरून खरी भांडणं होतात तो प्रश्न बाहेरच राहिला.

ड्यूकला शिट्ट्यांचं झुकतं माप मिळतं असं इकडे रॅली शहरात पुष्कळ जण मानतात. ड्यूकच्या कॅमेरॉन स्टेडियममधल्या ९,३१४ जणांचा गलका कानाशी असताना ते मलाही अशक्य वाटत नाही. पण ११ फेब्रुवारी २०२३ ला शार्लट्सव्हिलमध्ये व्हर्जिनियाविरुद्धच्या सामन्यात अन्याय झाला तो ड्यूकवरच. ५८-५८ अशी बरोबरी असताना अगदी शेवटच्या क्षणी ड्यूकच्या काइल फिलिपॉव्स्कीला फाउल केल्याची शिट्टी वाजली. मग व्हिडिओ बघून रेफरींनी ठरवलं की वेळ आधीच संपली होती, आणि त्याचे फ्री थ्रो रद्द केले. जादा वेळेत व्हर्जिनिया ६९-६२ ने जिंकलं. सामन्यानंतर दोन्ही संघांच्या लीगने, एसीसीने, जाहीर केलं की तो निर्णय चुकला, फ्री थ्रो मिळायलाच हवे होते. कॅरोलायनावाल्या सहकाऱ्यांना त्याचं काही वाटलं नाही. मला वाटलं.

एसीसीने चूक कबूल केली हे चांगलंच झालं, पण अशी कबुली क्वचित मिळते. एनबीए २०१५ पासून चुरशीच्या सामन्यांतल्या शेवटच्या दोन मिनिटांच्या निर्णयांचा अहवाल नेमाने प्रसिद्ध करते. तिचे रेफरी पूर्णवेळ नोकरीत आहेत. कॉलेजचे रेफरी सामन्यागणिक मानधनावर, आज एका लीगसाठी, उद्या दुसऱ्या शहरात दुसऱ्या लीगसाठी. त्यांच्याकडून सातत्य मागायचं तर त्यांना आधी कायमची नोकरी द्या आणि तसाच अहवाल छापा.

इथे नव्याने आलेली मंडळी विचारतात, मुलांना कुठला सामना दाखवावा? ड्यूक-कॅरोलायनाच्या तिकिटांमागे धावू नका. इथल्याच एनसी स्टेट विद्यापीठाच्या मुलींचे सामने बघा, १९४९ साली उघडलेल्या रेनॉल्ड्स कलिझियममध्ये. मोठ्या पिशव्या घरीच ठेवा. जागा बास्केटमागची घ्या, तिथून टक्कर समोर दिसते. पाच मिनिटं चेंडू सोडून एकाच रेफरीवर नजर ठेवा. तिघांपैकी बास्केटखालचा, चेंडू पलीकडे गेला की सगळ्यांत मागचा होतो. वर गेलेली मूठ म्हणजे फाउल. नंतर दोन्ही हात कमरेवर आले तर ब्लॉक, एक हात डोक्यामागे गेला तर चार्ज. मुलींच्या खेळात २०१५-१६ पासून दहा-दहा मिनिटांचे चार भाग असतात आणि दर भागाला संघाच्या फाउलांची मोजणी शून्यापासून होते, हेही मुलांना आधी सांगून ठेवा.

धाकट्याला मी एकच काम देते: आपल्यावर किती फाउल लागले ते मोजू नकोस, त्यातले खरंच झालेले किती ते मोज. परतीच्या वाटेवर वाद होतोच, पण तो एखाद्या ठरावीक टकरीवरून होतो. तसा वाद घरी पोचल्यावर जेवणाच्या टेबलापर्यंत चालला तरी माझी हरकत नसते.