फुकटाचा हिशेब

वाईत वाढलेल्या माणसाला कोश ही आकाशातून पडलेली वस्तू वाटत नाही. गंगापुरीत मराठी विश्वकोशाचं कार्यालय, गावात प्राज्ञपाठशाळा. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी हे नाव आम्हा मुलांना पाठ्यपुस्तकाच्या आधी मोठ्यांच्या बोलण्यातून ठाऊक झालेलं. ओळखीपाळखीतलं कुणी ना कुणी 'विश्वकोशात' असायचं. असायचं म्हणजे सकाळी डबा घेऊन जायचं, दिवसभर नोंदी तपासायच्या आणि संध्याकाळी मंडईतून भाजी घेऊन घरी यायचं. माहिती अशी कुणीतरी बसून, पगार घेऊन, मान मोडून तयार करतं, हे मला फार लवकर कळलं. पुढे इंटरनेटवर शोधाशोध करताना या समजुतीचा जेवढा उपयोग झाला, तेवढा दुसऱ्या कशाचाच झाला नाही.

गावात तयार होणारे ते जाडजूड खंड गावातल्या मुलांच्या हाती मात्र सहज पडत नसत. वाचनालयात संदर्भग्रंथांचं कपाट कुलूपबंद असे आणि किल्ली ग्रंथपालांच्या खणात. 'नुसतं बघायचंय' हे उत्तर तिथे चालत नसे. विषय सांगावा लागे. मग काका उठत, कुलूप काढत आणि खंड हातात देण्याआधी हमखास विचारत, "हे यातच असेल असं का वाटलं तुला?" तेव्हा या प्रश्नाचा राग यायचा. आता शोधाची रिकामी चौकट समोर आली, की मी तोच प्रश्न स्वतःला विचारते. ही माहिती कुणी गोळा केली असेल, कशासाठी, कुणाच्या पैशानं? याचं उत्तर डोक्यात असलं, की निम्मं शोधणं आधीच झालेलं असतं.

पुण्यात आले ती मुद्रितशोधनाच्या कामासाठी. पुढे अनुवादही करू लागले. या धंद्यात दिवसभर शंका निघत असतात. सनावळी बरोबर आहे का, या गावाचं नाव जुन्या कागदात कसं लिहीत, अमुक गृहस्थ त्या वर्षी हयात होते का. त्यासाठी कात्रणांच्या फायली होत्या, ओळखीचे प्राध्यापक होते आणि ते घरी सापडतील अशा वेळी करायचे फोन होते. एका तारखेसाठी अर्धा दिवस जाई आणि त्याचे पैसे कुणी देत नसे.

15 ऑगस्ट 1995 रोजी विदेश संचार निगमानं भारतात सर्वांसाठी इंटरनेट खुलं केलं. आमच्यापर्यंत ते पोचलं ते सायबर कॅफेच्या रूपानं, तासाच्या दरानं. तिथे इंग्रजीत हवं ते मिळे. मराठीचे मात्र हाल होते. प्रत्येक वर्तमानपत्राचा फॉन्ट वेगळा. तो आधी उतरवून घ्यायचा, नाहीतर पानभर चौकोन आणि चित्रविचित्र खुणा. फॉन्ट बसवला तरी खरी अडचण संपत नसे. पडद्यावर दिसणारा 'क' आतून कुठलं तरी रोमन अक्षर असे. माणसाला मराठी दिसे आणि शोधयंत्राला निरर्थक रोमन अक्षरांची रांग. म्हणजे मराठी मजकूर वेबवर होता, पण शोधून सापडणार नाही अशा अवस्थेत. युनिकोडनं प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक दिला, विंडोजबरोबर 'मंगल' फॉन्ट घरोघरी आला, हळूहळू संस्थळं त्या मार्गाला लागली, आणि मराठीत टंकलेला शब्द मराठी पानांवर सापडू लागला. आज आपण जे सहज करतो, त्याच्या बुडाशी हे न दिसणारं काम आहे.

त्या दिवसांत मला मोल्सवर्थ भेटला, तोही शिकागोत. जेम्स मोल्सवर्थ हा कंपनी सरकारच्या लष्करातला अधिकारी. शास्त्रीमंडळी आणि कँडी बंधू यांच्या मदतीनं त्यानं मराठी-इंग्रजी कोश केला. पहिली आवृत्ती 1831ची, वाढवलेली दुसरी 1857ची. जुन्या पुस्तकांच्या दुकानात त्याची किंमत विचारून मी परत ठेवलेला होता. तोच कोश शिकागो विद्यापीठानं सगळ्यांना वापरता येईल असा जालावर ठेवलेला. शेजारीच दाते-कर्वे यांचा 'महाराष्ट्र शब्दकोश', 1932पासून 1950पर्यंत खंडाखंडानं निघालेला. मुंबई-पुण्यात झालेली ही कामं अमेरिकेतून माझ्या टेबलावर यावीत, याचं आधी थोडं वाईट वाटलं. मग वाटलं, त्यांना दक्षिण आशियाचा अभ्यास करायचा होता, म्हणून त्यांनी पैसे आणि माणसं लावली. ज्याला गरज वाटली त्यानं जपलं. इथे रुसण्यासारखं काही असेल तर ते आपण आपल्यावरच रुसावं.

या कोशांनी मला शोधण्याची एक रीतही शिकवली. जुन्या मजकुराला त्याच्याच लेखनपद्धतीत हाक मारावी लागते. आज आपण 'काही' लिहितो. 1962चे लेखननियम येण्यापूर्वीच्या छापील मजकुरात ते 'कांहीं' असं सापडतं, 'नाही'चं 'नाहीं' होतं. अनुस्वार देऊन पाहिला, की जे नव्हतंच असं वाटत होतं ते ओळीनं बाहेर येतं. एका घराण्याच्या कागदांचा अनुवाद करताना जमिनीचं माप 'चाहूर' आलं. कोशात एक नोंद दुसरीकडे नेत गेली, दुसरी तिसरीकडे, आणि संध्याकाळपर्यंत सगळी उतरंड वहीत होती: 20 काठ्यांचा एक पांड, 20 पांडांचा बिघा, 120 बिघ्यांचा चाहूर. पूर्वी याच कामासाठी मला एखाद्या इतिहासाच्या प्राध्यापकांच्या ओसरीवर ताटकळावं लागलं असतं.

मग इंटरनेट आर्काइव्हचा नाद लागला. ब्रूस्टर केल यांनी 1996मध्ये सुरू केलेल्या या संग्रहात मराठी पुस्तकांचा मोठा साठा आहे. त्यातला बराचसा 'डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया' या सरकारी प्रकल्पात स्कॅन झालेला. हा साठा खजिना खरा, पण त्याची यादी म्हणजे परीक्षाच. पुस्तकांची नावं रोमन लिपीत, ज्यानं त्यानं आपल्या कानानं लिहिलेली. 'ज्ञानेश्वरी'तला 'ज्ञ' कुठे जे-एन, कुठे जी-एन, कुठे डी-एन. लेखकाच्या जागी संपादक, सनाच्या जागी शून्य. मधली पानं गळालेली, काही दोनदा आलेली. एखाद्या पानाच्या कडेला स्कॅन करणाऱ्याचा अंगठा. मला तो अंगठा आवडतो. पुस्तकं आपोआप वर चढत नाहीत, याचा तो पुरावा आहे.

या साठ्यात हिंडताना कायदाही समजून घ्यावा लागला. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतरचं वर्ष सुरू झालं, की तिथून 60 वर्षं स्वामित्वहक्क चालतो, मग पुस्तक सगळ्यांचं होतं. साने गुरुजी 1950मध्ये गेले, म्हणून 'श्यामची आई' 1 जानेवारी 2011पासून कुणीही छापावी, कुणीही जालावर ठेवावी. डॉ. आंबेडकरांनी हयातीत प्रसिद्ध केलेलं लेखन 2017च्या पहिल्या दिवशी असंच खुलं झालं. दर 1 जानेवारीला काही लेखक असे समाजाच्या मालकीचे होतात. पण हयात लेखकाचं नवं पुस्तक व्हॉट्सॲपवर पीडीएफ होऊन फिरतं, तेव्हा 'मोफत मिळालं' म्हणून पुढे पाठवणाऱ्यांची मला चीड येते. मुद्रितशोधकाला त्या पुस्तकामागची बिलं माहीत असतात. तिथे फुकट काही नसतं, एकाच्या खिशातून काढून दुसऱ्याला दिलेलं असतं.

पुस्तकांच्या पलीकडे माहितीचा आणखी एक साठा आहे, आणि त्याची गरज साध्या माणसाला जास्त पडते. वडील गेल्यावर सातबाऱ्यावर वारसनोंद करायची होती. कोणत्या कार्यालयात किती खेटे घातले ते सांगत बसत नाही. साहेब दौऱ्यावर, उद्या या, आज सर्व्हर बंद, हे ज्यांनी अनुभवलं त्यांना सांगायला नको. आता 'महाभूलेख'वर जिल्हा, तालुका, गाव आणि गट क्रमांक टाकला, की उतारा घरबसल्या पाहता येतो, पैसे न देता. कायदेशीर कामाला लागणारा डिजिटल सहीचा उतारा 15 रुपयांत. चुलत्यांना पहिल्यांदा तो फोनवर दाखवला तेव्हा तात्या म्हणाले, "म्हणजे हे आपल्याला बघायला मिळायचंच होतं होय!" तात्यांचं हे वाक्य मला माहितीच्या अधिकाराच्या 2005च्या कायद्यापेक्षा नेमकं वाटतं. त्या कायद्याचं चौथं कलम तेच सांगतं: सरकारी कार्यालयांनी कुणी मागण्याची वाट न बघता माहिती आपणहून प्रसिद्ध करावी, म्हणजे लोकांना अर्ज करायची वेळच कमी येईल. ती माहिती आपल्याच करातून तयार झालेली असते. म्हणून सरकारी गोष्ट शोधताना मी आधी पत्त्याचा शेवट बघते. तिथे 'गव्ह डॉट इन' असेल तरच पुढे जाते. हुबेहूब दिसणाऱ्या, मोफत कागदाचे पैसे मागणाऱ्या पानांची जालावर कमतरता नाही.

विश्वकोशही जालावर आला. पहिला खंड 1976 साली निघाला आणि विसावा यायला पुढची जवळजवळ चाळीस वर्षं लागली. आता तो कुणालाही, कुठूनही वाचता येतो. त्याच्याही आधी श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी 23 खंडांचा 'महाराष्ट्रीय ज्ञानकोश' पुरा केला होता. त्यासाठी कंपनी काढली, भागभांडवल उभं केलं, गावोगाव वर्गणीदार जमवले. तोही आता मोफत वाचायला मिळतो. मोल्सवर्थला कंपनी सरकारनं पोसलं, केतकरांना वर्गणीदारांनी, विश्वकोशाला महाराष्ट्राच्या करदात्यांनी. आपल्याला जे फुकट मिळतं, त्याची किंमत कुणीतरी आगाऊ भरलेली असते. वेबवरच्या माहितीची पारख करायलाही हाच हिशेब कामी येतो. ज्या पानामागे कुणी खर्च केला आणि का केला हे दिसतं, त्यावर कितपत विसंबायचं ते ठरवता येतं. ज्यामागे कोण आहे तेच कळत नाही, ते पान कितीही देखणं असलं तरी मी त्यातली तारीख उचलत नाही.

मराठी विकिपीडिया 2003पासून आहे. त्याला नावं ठेवणारे पुष्कळ, पण मी लेखापेक्षा लेखाखालचे संदर्भ आधी वाचते. ते पुस्तकांपर्यंत नेत असतील तर लेख कामाचा, नसतील तर ती नुसती ऐकीव गोष्ट. हल्ली प्रश्न विचारला, की यंत्र सफाईदार मराठीत उत्तर देतं. भाषा इतकी घोटीव, की शंका घ्यायला संकोच वाटावा. अशा वेळी वाईच्या काकांचा प्रश्न उलटा विचारते: हे कशात आहे, आणि त्यातच असेल असं तुला का वाटलं? ग्रंथ, आवृत्ती आणि पान मिळालं तर जाऊन बघते. न मिळालं तर ते उत्तर माझ्या प्रुफात शिरत नाही.

जालावरची पानं मरतातही. कार्यालय संस्थळ बदलतं, कुणी वार्षिक शुल्क भरत नाही, आणि काल वाचलेला लेख आज नाहीसा होतो. म्हणून उपयोगाचं पान सापडलं, की त्याचा पत्ता इंटरनेट आर्काइव्हच्या 'वेबॅक मशीन'मध्ये घालून त्याची प्रत तिथे ठेवून देते. मिनिटभराचं काम, पण पुढच्या शोधणाऱ्याची वाट मोकळी राहते.

माझ्या धंद्याला साजेशी परतफेड मला मराठी विकिस्रोतात सापडली. हक्क संपलेल्या पुस्तकाचं स्कॅन केलेलं पान एका बाजूला, यंत्रानं ओळखलेला मजकूर दुसऱ्या बाजूला. यंत्र 'घ'चा 'ध' करतं, 'भ'चा 'म' करतं, अनुस्वार गिळतं. ते आपण दुरुस्त करायचं. न तपासलेलं पान तांबडं, एकानं तपासलं की पिवळं, दुसऱ्यानं खातरी केली की हिरवं. पगार नाही, पुस्तकावर नाव नाही. पण त्या मजकुरातला प्रत्येक शब्द पुढे कुणालातरी शोधून सापडणार असतो.

तांबडी पानं अजून ढिगानं आहेत आणि तपासणारे हात थोडे. मराठी वाचता येतं एवढीच पात्रता लागते. आपण सगळे या जालावरून रोज काहीतरी फुकट घेतो. आठवड्याला एक पान तपासून द्या. नाहीतर आपल्या गावाच्या विकिपीडियातल्या लेखाला छापील पुस्तकातला एक संदर्भ जोडा. घरात हक्क संपलेलं एखादं दुर्मीळ पुस्तक असेल तर ते नीट स्कॅन करून, नाव देवनागरीत लिहून वर ठेवा. पुढच्या वेळी कुणी काही शोधेल, तेव्हा त्याची किंमत आगाऊ भरणाऱ्यांत आपलंही नाव असू दे.